उजेडाची चिप आणि मामाचा भराव

माझ्या मामाने आयुष्यात दोनच विषयांवर माझा सल्ला विचारला. एकदा दिवाणखान्याचे पडदे आणि एकदा ऑप्टिकल चिप. पडदे त्याने माझ्या सल्ल्याच्या बरोब्बर उलट घेतले होते, त्यामुळे दुसऱ्या वेळी मी सावध होते.

फोन आला तेव्हा मी सीवूड्सच्या मॉलमध्ये ट्रायल रूमच्या रांगेत उभी होते. फोनवर 'हॅलो' म्हणायची मामाला सवय नाही. त्याचं वाक्य त्याच्या डोक्यात आधीच सुरू झालेलं असतं, आपल्याला उरलेलं ऐकू येतं.

"...तर ती उजेडाची चिप हाय ना बाय, तिच्यान दोन जाती हाईत बोलतान. कंची चांगली?"

माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी म्हटलं, "मामा, तू वाल पेरतोयस का चिप?"

हा प्रश्न त्याने मला विचारायचं कारण म्हणजे माझी नोकरी. बेलापूरच्या एका ऑफिसात बसून मी परदेशातल्या गुंतवणूकदारांसाठी टिपणं लिहिते: कुठली चिप कंपनी बरी, कुठली नुसती बडबडी, कुणाचे पैसे कधी संपतील. मी स्वतः आयुष्यात एक स्क्रूसुद्धा बनवलेला नाही. ज्यांनी काहीतरी बनवलंय त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, असं हे काम आहे. आई म्हणायची, सासू व्हायला पगार मिळतो तो तुलाच.

मामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. खाडीकाठच्या आगरी गावातला. त्यांची भातशेती आणि मिठागर नव्या शहरात गेलं, बदल्यात प्लॉट आले, आणि गावची पोरं रातोरात शेठ झाली. मामाने भरावाचा धंदा धरला. खाडीच्या चिखलावर मुरूम ओतून जमीन कडक करायची, मग त्यावर दुसऱ्याने बिल्डिंग उभी करायची. नवी मुंबईत जिथं पूर्वी खेकडे होते आणि आता लिफ्ट आहे, अशा बऱ्याच ठिकाणी मामाचा डंपर जाऊन आलेला आहे.

त्याचे तीन जिगरी दोस्त. चौघे मिळून स्वतःला 'मंडळ' म्हणवतात. प्लॉट झाले, मंगल कार्यालय झालं, क्रिकेटच्या स्पर्धा झाल्या, त्यात बक्षीस म्हणून मोटारसायकली वाटून झाल्या. आता मंडळाला कंटाळा आला होता. त्यातल्या एकाचा जावई महापेला चिपच्या कंपनीत होता, आणि त्या कंपनीला पैसे हवे होते. दुसऱ्या एकाची नावड्याला शेड होती, आणि त्या शेडमधला भाडेकरूही चिपच करत होता. त्यालाही पैसे हवे होते. जावईवाला म्हणे माझी चिप, शेडवाला म्हणे माझी चिप. तिसरा दोस्त कुठल्याही बैठकीत झोपतो, त्याचं मत कुणी विचारत नाही. राहिला मामा. त्याने सांगून टाकलं, "माझी भाची याच्यानच हाय, ती सांगंल." माझी फी ठरली एक जिताडा. आमच्याकडे जिताडा हा मासा नसून चलन आहे. एका जिताड्यात तलाठ्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाचंही मन वळतं. माझंही वळलं.

पण मासा घ्यायला मी मामाकडे गेले आणि मामीने मला मागच्या दारी बोलावून घेतलं, तेव्हा कळलं की हे प्रकरण जिताड्याच्या पलीकडचं आहे.

मंडळात चौघांचा वाटा सारखा हवा. बाकीच्यांकडे रोकड होती. मामाकडे रोकड टिकत नाही, त्याच्याकडे फक्त रुबाब टिकतो. म्हणून त्याने ठरवलं होतं की करंजाड्याचा प्लॉट विकायचा. तो प्लॉट मामीचा होता. तिच्या बापाच्या जमिनीतल्या हिश्श्याचा, तिच्या एकटीच्या नावावर. आमच्याकडे बहुतेक बहिणी भावांसाठी हक्कसोडपत्रावर मुकाट सही करतात आणि दिवाळीला साडी घेतात. मामीने केली नाही. भावांनी तिला कित्येक वर्षं भाऊबीजेला बोलावलं नाही. ती गेली नाही, रडली, पण सही केली नाही. आता त्या प्लॉटवर तिने कुंपण घालून वाल पेरला होता. भोवती सगळ्या टोलेजंग बिल्डिंगी आणि मधे मामीचा वाल.

"मना चिपमधलं काय कलत नाय," मामी म्हणाली. ती मासे साफ करत होती आणि वर बघतही नव्हती. "तू वाचलंस, तू शिकलीस. तू बोललीस घाला पैसा, तर मी सही करीन. तू बोललीस नको, तर यो कितीबी नाचू दे."

"मामी, माझ्यावर कशाला टाकतेस?"

"मंग कोनावर टाकू? त्याच्यावर?"

आत सगळं मंडळ जेवायला जमलं होतं, मामाचा हसण्याचा आवाज येत होता. मला खरंच भीती वाटली. परदेशातल्या गुंतवणूकदाराचे पैसे बुडाले तर तो दुसऱ्या दिवशी ईमेल करतो. मामी ईमेल करणार नव्हती. ती मला पहिल्यासारखंच जेवायला वाढणार होती, आणि ते जास्त वाईट होतं.

जेवताना मी मंडळाला चिप समजावली. संगणकांची मोठमोठी बिनखिडक्यांची गोदामं असतात, ऐरोली-महापे पट्ट्यात ती आता चिक्कार झाली आहेत. आतली यंत्रं एकमेकांशी तांब्याच्या तारेतून बोलतात. बोलणं वाढलं की तार तापते आणि थकते. म्हणून आता तारेऐवजी काचेच्या धाग्यातून उजेड पाठवायचा. विजेचा उजेड करायचा, पलीकडे उजेडाची पुन्हा वीज करायची. ही अदलाबदल करणारी नखाएवढी वस्तू म्हणजे ही चिप.

"आता जाती," मामा म्हणाला.

पहिली जात सिलिकॉनची, महापेवाल्यांची. तिचे कारखाने जगात आधीपासून उभे आहेत. परातीएवढ्या चकतीवर एका दमात ढीगभर चिपा निघतात, त्यामुळे स्वस्त पडतात. खोट एवढीच की सिलिकॉनला स्वतःचा उजेड नाही. कितीही वीज द्या, ते पेटत नाही. लेसर बाहेरून आणून चिकटवावा लागतो.

"म्हंजे घरजावई," मामा म्हणाला.

महापेचा जावई तिथेच बसला होता आणि तो सासऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता. त्याने जिताड्याच्या काट्यात फार लक्ष घातलं. सासऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि विषय पुढे न्यायला सांगितलं.

दुसरी जात इंडियम फॉस्फाइडची, नावड्याच्या शेडमधली. हे स्वतः उजेड देतं. लेसरही त्याचाच, बाकीचं कामही त्याच चिपवर. पण चकती बशीएवढी, पापडासारखी ठिसूळ, आणि बनवणारे मोजके. मामाच्या मते ही गुणी पोरगी होती, पण माहेरचा मानपान भारी. तिसरीही एक जात आहे, लिथियम नायोबेटची. वेगाला सगळ्यांत सरस, पण तिलाही स्वतःचा उजेड नाही, आणि तिच्यातलं लिथियम इतर चिपांना बाधेल म्हणून सिलिकॉनचे कारखाने तिला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. हे स्थळ मंडळाने ऐकताक्षणी परत पाठवलं.

"आनि जिंकंल कोन?" शेडवाल्याने विचारलं.

इथं मला आमच्या धंद्यातली कडू गोष्ट सांगावी लागली. चांगली चिप आणि जिंकणारी चिप एकच असते असं नाही. बाजार बऱ्याचदा गुणाला नाही, परातीला बघतो. ज्याची परात मोठी, त्याचा भाव कमी, त्याच्याकडे गिऱ्हाईक. पण गंमत अशी की सिलिकॉनला चिकटवायचा तो लेसर बनतो इंडियम फॉस्फाइडचाच. म्हणजे सिलिकॉन जिंकलं तरी घरात दिवा त्या गुणी पोरीचाच लागणार. हे ऐकून झोपणारा दोस्तही जागा झाला. मामीने त्याला भात वाढला.

मग आमचे स्थळ बघण्याचे कार्यक्रम झाले. महापेला काचेची इमारत, पाहुण्यांसाठी गळ्यात घालायचे बिल्ले, कॉफीवर फेसाचं पान. तिथल्या साहेबाने पडद्यावर एक आलेख दाखवला. त्याची रेघ सुरुवातीला जमिनीवर लोळत होती आणि पुढे एकदम स्वर्गात गेली. असे आलेख मी पोटापाण्यासाठी रोज बघते. ती रेघ जिथून वर वळते ती जागा नेहमी 'पुढच्या वर्षी' असते.

"तुमचा उजेड कोनाकडचा?" मामाने विचारलं.

साहेब म्हणाले, छान प्रश्न आहे, आणि पुढच्या स्लाइडवर गेले. मी पुन्हा विचारलं. लेसर परदेशातल्या एकाच कंपनीकडून येत होता, आणि ती कंपनी यांच्या प्रतिस्पर्ध्यांनाही तोच माल विकत होती. मामाने माझ्या कानात सांगितलं, "शेत यांचा, इहीर दुसऱ्याची." मला मात्र त्यांचे आकडे अगदीच टाकाऊ वाटले नाहीत. जावई मन लावून काम करत होता, त्याच्या बाकाजवळ गेल्यावर तो कॉफीवाल्या साहेबापेक्षा खूप बरं बोलला.

नावड्याला जाण्याआधी मामाने स्वतःची चौकशी केली. सोयरीक जुळवताना करतात तशी, म्हणजे मुलाला न विचारता त्याच्या आसपासच्या सगळ्यांना विचारून. टपरीवाल्याने आणि वॉचमनने एकमुखाने सांगितलं की त्या शेडमध्ये रात्रभर यंत्रांचा आवाज चालू असतो. मामा भलताच खूश. पोरगा रात्रंदिवस राबतो! आम्ही पोचलो तेव्हा शेडमधल्या डॉक्टरांनी खुलासा केला. हे डॉक्टर म्हणजे तो भाडेकरू, चिपवर पीएचडी केलेले, औषधाचे नव्हेत, पण मंडळाने त्यांना आल्या आल्या गुडघेदुखी सांगितली होती. ते म्हणाले, "तो आवाज हवा गाळणाऱ्या पंख्यांचा आहे. ते बंद करता येत नाहीत. आम्ही सहाला घरी जातो." मामाचा चेहरा पडला.

चिप त्यांनी स्वतः आखली होती, बनवून आणली होती परदेशातून, आणि इथं तिला काचेचा धागा जोडायचं काम चाले. ते काम असं. केसाएवढा धागा चिपच्या तोंडाशी आणायचा. उजेड चिपमधून धाग्यात जास्तीत जास्त कुठं शिरतो ते हळूहळू हलवून शोधायचं. समोर मीटरवर आकडा वर चढतो. तो सगळ्यात वर पोचला की थेंबभर गोंद लावून त्यावर जांभळा दिवा धरायचा, की गोंद घट्ट. तेवढा वेळ काहीही हलता कामा नये. केसाच्या शंभराव्या भागाएवढंसुद्धा नाही.

आम्ही सगळे डोक्याला टोप्या आणि पायात पिशव्या घालून, एकमेकांकडे बघून हसत उभे होतो. डॉक्टरांनी धागा आणला. आकडा चढला. मी बऱ्याच कंपन्यांचे आकडे पाहिलेत, हा खरोखर देखणा होता. स्वतःच्या उजेडावर चालणारी चिप, आणि इतका थोडा उजेड वाया. डॉक्टरांनी गोंद लावला, दिवा हातात घेतला.

बाहेरून तळोज्याकडे जाणारा ट्रेलर गेला, आणि आकडा धाडकन खाली आला.

डॉक्टरांनी दिवा खाली ठेवला. ते चिडले नाहीत, आणि त्यावरून मला कळलं की हे रोजचं आहे. "रविवारी बरं जमतं," ते म्हणाले. "टेबलाला हवेचे पाय आहेत. बारीक थरथर ते खाऊन टाकतं. पण इथं थरथर नाही, जमीन सावकाश डुलते. मग टेबलही तिच्यासोबत डुलतं. अर्ध्याहून जास्त जोडण्या फुकट जातात. आधीचे एक गुंतवणूकदार हे बघून गेले आणि म्हणाले, चिपच कच्ची आहे."

मी माझ्या वहीत 'जोडणी' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मान वर केली तर मामा जागेवर नव्हता.

तो शेडच्या मागे उभा होता. पायातल्या पिशव्या तशाच. टाचेने जमिनीवर ठोकत, कान देऊन ऐकत. गटाराच्या कडेला खचलेल्या भिंतीकडे त्याने पाहिलं, कुंपणाच्या तिरक्या खांबाकडे पाहिलं, आणि मग तो गप्प झाला. मी जन्मल्यापासून मामाला गप्प पाहिलं नव्हतं. त्याच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, बाराव्यालासुद्धा तो आचाऱ्याशी भांडत होता.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "बाय, त्या शेडखाली भराव माझा हाय."

मी गाडी सुरू केली नाही.

चिखल पूर्ण काढायचा होता, त्याने काढला नव्हता. वर मुरूम टाकायचा होता, तो फक्त वरच्या थराला टाकला. मधे पाडलेल्या घरांचा राडारोडा. "तवा समदेच तसा करायचे," तो म्हणाला. "शेड तर हाय. शेडला काय होतंय? चिप येईल ह्यो कोनाला ठाव?" हे मात्र मलाही मान्य करावं लागलं. भराव टाकताना काचेच्या धाग्याचा विचार कुणी करत नाही.

मग त्याने मुद्दा काढला. "तू असा लिव, चिपच कच्ची हाय. तो मागचा मानूसपन तसाच बोलला ना? आनि बघ, तुझ्या मामीचा प्लॉटबी वाचंल."

कालपर्यंत प्लॉट विकायला निघालेला माणूस आज प्लॉटचा कैवारी झाला होता. मंडळातल्या सगळ्यांच्या बिल्डिंगी त्याच्याच भरावावर उभ्या होत्या. एकाला शंका आली की चौघांना येणार होती. त्याची अब्रू मला दिसत होती, आणि खरं सांगायचं तर सौदा मोहाचा होता. एक वाक्य लिहायचं, वाल वाचला, मामा वाचला, मला दुसरा जिताडा. पण त्या डॉक्टरांनी दिवा ज्या सवयीने खाली ठेवला होता ते माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. मला मामाचा इतका संताप आला की मी त्याला गाडीतून उतरायला सांगितलं. तो उतरला नाही. गाडी त्याच्याच नावावर होती.

"मी खरं तेच सांगणार," मी म्हटलं. "भराव कोणाचा ते सांगणार नाही. ते तुझं तू बघ."

निकालासाठी मामीने सगळ्यांना करंजाड्याला प्लॉटवर बोलावलं. थंडी पडली होती, वाल भरला होता, म्हणजे पोपटी लावायलाच हवी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. शेजारच्या बिल्डिंगीतले लोक गॅलऱ्यांत येऊन बघत होते. कुणीतरी वरून ओरडलं की सोसायटीत धूर येतोय. मामीने त्यांना खाली जेवायला बोलावलं, मग धुराचं बंद झालं. डॉक्टरांनाही तिने बोलावलं होतं. जावईही होता. दोघं मडक्याजवळ उकिडवे बसून लेसरच्या किमतीबद्दल बोलत होते, आणि प्रतिस्पर्धी असूनही मला ते दोघंच त्या घोळक्यात शहाणे वाटले.

"बोल," मामी म्हणाली.

मी उभी राहिले. ऑफिसात मी हे सगळं तक्त्यात बसवते, इथं माझ्या हातात वालाच्या शेंगा होत्या. मी म्हटलं, "सिलिकॉनची परात मोठी आहे, त्यामुळे तिला मरण नाही. पण त्यांचा उजेड उसना आहे, आणि ज्याचा उजेड त्याच्या हातात यांची मान. डॉक्टरांची चिप मला जास्त आवडली. ती कच्ची नाही. कच्ची आहे जमीन. जमीन डुलते म्हणून जोडणी सुटते."

जाळात काटकी तडतडली. शेडवाल्याने तोंडातली शेंग बाहेर काढली आणि विचारलं, "भराव कोनाचा होता रं तिथं?"

विचारताना तो मामाकडे बघत नव्हता. बाकीचे दोघंही नव्हते. तिघंही अगदी साळसूदपणे मडक्याकडे बघत होते.

मामा म्हणाला, "माझा."

मला वाटलं, आता भांडण. तिघंही एकदम हसले. झोपणारा दोस्त तर इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे आमाला ठाव होता!" शेडवाला म्हणाला. "म्हनून तर तुझ्या बिलातनं दर टायमाला कापायचो. तुला काय वाटला, आमी हिशोबात कच्चे?" जावईवाल्याने सांगितलं की आपल्या बिल्डिंगीचे खांब त्याने मुद्दाम खडकापर्यंत नेले होते, मामाचा भराव आहे म्हणून.

मामाने हसायचा प्रयत्न केला. मला त्याची कीव आली, आणि ती मला आवडली नाही. पकडला गेला याचं त्याला इतकं वाईट वाटलं नसतं. त्याला वाईट वाटलं ते याचं, की इतकी वर्षं त्याने कुणालाच फसवलं नव्हतं. सगळ्यांनी त्याची लबाडी गृहीत धरूनच हिशोब मांडून ठेवला होता.

"मी रोज डबा घेऊन जायची साईटवर," मामी हळूच म्हणाली. "डंपरमधनं काय पडतंय ता दिसायचा मना." मग माझ्याकडे वळली. "ता जाऊ दे. आता माझा सांग. सही करू का नको?"

हे मी सगळ्यांदेखत सांगितलं. चिप चांगली आहे, म्हणून ती जिंकेलच असं नाही. उद्या दुसरं कुणी स्वस्तात आणेल आणि डॉक्टरांचं सगळं गुणांसकट बुडेल. असे मी बुडालेले पाहिलेत, गुणी होते सगळे. म्हणून यात पैसे घालायचे ते एका लग्नाच्या हळदीत उडवतो तेवढेच. आमच्याकडची हळद पाहिलेल्यांना कळेल की ही रक्कम लहान नाही, पण ती गेली तर कुणी रडत नाही, उलट वर्षभर कौतुकाने सांगतं. "आणि जे गेलं तर परत येणार नाही, ते घालायचं नाही. मामी, सही करू नकोस."

मामीने मान हलवली आणि मडकं उघडायला घेतलं. तिच्यासाठी विषय संपला होता. मामासाठी संपला नव्हता. प्लॉट नाही म्हणजे वाटा नाही, वाटा नाही म्हणजे मंडळात तो नुसता चहा प्यायला. तो जाळाकडे बघत राहिला.

तोंड भाजलेल्या डॉक्टरांनी फू-फू करत विचारलं, "जमिनीचं काही करता येईल का हो? फरशी फोडून खाली कडक लागेपर्यंत खणायचं, तिथून काँक्रीटचा ठोकळा वर आणायचा, फरशीपासून सुटा. टेबल त्याच्यावर. मला हे माहीत आहे, पण मला परवडत नाही."

मग मामी कोंबडी वाढता वाढता म्हणाली, "यो भरंल. त्योच याचा वाटा." आणि मामा तोंड उघडायच्या आत, "मी बसनार तिथं."

ती खरंच बसली. ते काम चाललं तितके दिवस ती नावड्याला प्लास्टिकची खुर्ची टाकून, डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर डबा ठेवून खड्ड्याच्या तोंडाशी बसली. मी सुट्टीच्या दिवशी जायचे. खड्ड्यातून जे निघालं ते बघण्यासारखं होतं. फुटक्या फरश्या, चपला, खिडकीचे गज, एका गुलाबी कमोडचा अर्धा भाग. मामाने तो ओळखला असावा, कारण तो पटकन दुसरीकडे बघायला लागला. त्याखाली काळा चिखल, आणि बऱ्याच खाली कडक मुरूम. काँक्रीटची खडी आली की मामी ड्रायव्हरला ताडपत्री उचलायला लावायची. एका डंपरमध्ये वर खडी आणि खाली विटांचे तुकडे निघाले. तिने तो परत पाठवला. ड्रायव्हर मामाचाच जुना माणूस होता. त्याने मामाकडे पाहिलं, मामाने आकाशाकडे.

ठोकळा पक्का झाल्यावर डॉक्टरांनी टेबल लावलं. आम्ही पुन्हा टोप्या घातल्या. मामीनेही, पदरावरून. धागा चिपशी आला, आकडा चढला. आम्ही ट्रेलरची वाट बघत राहिलो. रोज धडधडणारा रस्ता नेमका त्या दिवशी शांत. शेवटी मामा चिडून बाहेर गेला. खिडकीतून दिसलं, त्याने लोखंडी पट्ट्या भरलेला एक ट्रेलर हात करून थांबवला आणि ड्रायव्हरशी वाद घातला. ट्रेलर मागे गेला आणि पुन्हा आमच्या समोरून गेला. मामा धावत आत आला. आकडा जागचा हलला नव्हता. शेवटचा अंक किंचित लुकलुकला, डॉक्टर म्हणाले तेवढं चालतं, आणि त्यांनी जांभळा दिवा धरला.

कोण जिंकेल ते मला अजूनही माहीत नाही. मंडळाने एका हळदीएवढे पैसे डॉक्टरांकडे घातले आणि घरात शांतता राहावी म्हणून अर्ध्या हळदीचे जावयाकडे. ऑफिसात माझ्या साहेबाने विचारलं की या दोन तंत्रज्ञानांत निर्णायक फरक कोणता. मी म्हटलं, खाली काय भरलंय ते. त्याला वाटलं मी चकतीच्या थरांबद्दल बोलतेय. मी तसंच राहू दिलं.

त्या दिवशी गोंद घट्ट झाल्यावर सगळे बाहेर आले. मामी मागे राहिली. खाली वाकून तिने ठोकळा आणि फरशी यांच्यामधली मोकळी फट बघितली. मग मामाला म्हणाली, "सगल्या जन्मात पयल्यांदा तलापर्यंत भरलंस."

मामाने तिच्या हातातला रिकामा डबा घेतला आणि गाडीपर्यंत तोच घेऊन गेला.